सर्व वजनगटांतला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कसा ठरतो?

व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांचे सतरा वजनगट सर्वत्र मानले जातात. तळाच्या मिनिममवेट गटाची मर्यादा १०५ पाउंड, म्हणजे सुमारे ४७.६ किलो. सर्वांत वरच्या हेवीवेट गटाला कमाल मर्यादाच नाही. गट पाडण्यामागचा हेतू साधा आहे. अंगात पंचवीस-तीस पाउंड जास्त असलेल्या माणसाच्या ठोशापुढे निव्वळ कौशल्य फार वेळ टिकत नाही, म्हणून तोलामोलाच्या माणसांनाच समोरासमोर उभे करायचे. ही सोय झाली आणि तिच्यातूनच एक न सुटणारा प्रश्न निर्माण झाला. जे दोघे एकमेकांशी कधीच लढणार नाहीत, त्यांच्यात श्रेष्ठ कोण? वजनाचा फरक बाजूला ठेवून सर्व गटांतल्या मुष्टियोद्ध्यांची जी एकच यादी लावली जाते, तिला ‘पाउंड फॉर पाउंड’ क्रमवारी म्हणतात.

लाइटवेट विजेता बेनी लेनर्ड याच्या संदर्भात १९२० च्या दशकात ही कल्पना बोलली जात होती. ती रुजली मात्र शुगर रे रॉबिन्सनमुळे. १९४० च्या दशकात हेवीवेटचा राजा जो लुई होता आणि पैसा, प्रसिद्धी, मानमरातब सगळे त्या गटाकडे वाहत असे. तरीही जाणकारांना वेल्टरवेटचा रॉबिन्सन अधिक उजवा वाटे. दोघांना एकमेकांसमोर उभे करणे शक्य नव्हते, म्हणून तुलना कागदावर आली.

अशी यादी ठरवणारी एकच अधिकृत संस्था नाही. नॅट फ्लायशर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ‘द रिंग’ मासिकाची यादी सर्वांत जुन्या प्रतिष्ठेची, ती जाणकारांचे मंडळ ठरवते. ‘ईएसपीएन’ आपल्या पत्रकारांची मते घेते. ‘बॉक्सरेक’ हे नोंदींचे भांडार लढतींच्या निकालांवरून गणिताने गुण काढते. तिघांचा पहिला क्रमांक एकच असेल याची खात्री नसते. मतभेद आकड्यांच्या चुकीतून येत नाहीत, ते ‘श्रेष्ठ’ कशाला म्हणायचे यावरून येतात. या वादात दोन बाजू ठळक आहेत. त्यांना येथे निकालपक्ष आणि कौशल्यपक्ष म्हटले आहे.

निकालपक्ष : कोणाला हरवले, ते तेव्हा किती भरात होते आणि ते किती वजनावर घडले, एवढेच विचारावे. बाकी सगळ्या कविकल्पना. फ्लायवेटचा माणूस सहा फुटांचा असता तर काय झाले असते, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

कौशल्यपक्ष : मग आपण या यादीच्या वाटेलाच जाऊ नये. प्रत्येक गटाची वेगळी यादी आहेच, तिच्यावर समाधान मानावे. वजन बाजूला ठेवा असे म्हटले की प्रश्न आपोआप कल्पनेतला होतो. त्याचे उत्तर अंतराचा अंदाज, वेळ साधण्याची हातोटी, बचाव, पायांची चाल आणि समोरच्याला ओळखून डाव बदलण्याची बुद्धी यांतूनच द्यावे लागते.

निकालपक्ष : आणि हे सगळे मोजणार कोण? ज्याचा त्याचा डोळा?

मोजण्याचा हा मुद्दा दुसऱ्या एका खेळाशी ताडून पाहण्यासारखा आहे. वेटलिफ्टिंगमध्येही वजनगट आहेत, पण तिथे उचललेले किलो समोर असतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नइम सुलेमानोग्लूने ६० किलो गटात १९० किलो वजन क्लीन अँड जर्क प्रकारात डोक्यावर नेले. हे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. कोणत्याही हेवीवेटला ही पट गाठता येत नाही, कारण शरीर वाढते तेव्हा वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते आणि स्नायूंचे बळ मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. त्यामुळे नुसता भागाकार केला तर लहान माणूसच दर वेळी पुढे राहील. हा झुकाव काढून टाकण्यासाठी त्या खेळात सिंक्लेअर गुणक वापरतात. मुष्टियुद्धात असा गुणक बनवता येत नाही, कारण गुणायला काही हातात येत नाही. ठोशाचा जोर यंत्रावर मोजता येतो, पण लढती जोरावर ठरत नाहीत.

कौशल्यपक्ष : निकाल वस्तुनिष्ठ असतो हे तरी कुठे खरे आहे? सोलचेच उदाहरण घ्या.

त्याच ऑलिंपिकमध्ये लाइट मिडलवेटच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा रॉय जोन्स ज्युनियर यजमान देशाच्या पार्क सी-हुनसमोर होता. ठोशांच्या मोजणीत जोन्सचे ८६ आणि पार्कचे ३२ ठोसे भरले. पाचपैकी तीन गुणपंचांनी पार्कला विजयी केले. जोन्सला रौप्यपदक मिळाले, आणि त्याच स्पर्धेतला वॅल बार्कर करंडकही त्यालाच मिळाला. हा करंडक १९३६ पासून ऑलिंपिकच्या सर्व वजनगटांतल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याला दिला जाऊ लागला, म्हणजे तो हौशी मुष्टियुद्धातला ‘पाउंड फॉर पाउंड’ सन्मानच. एकाच रिंगणात तो आपल्या गटातही पहिला आला नाही आणि सगळ्या गटांत मात्र पहिला ठरला. पुढच्या ऑलिंपिकपासून गुण देण्यासाठी इलेक्ट्रॉनिक पद्धत आली, तिच्यामागे या निकालाची नामुष्की होती.

निकालपक्ष : एक सडका निकाल म्हणजे सगळी नोंदवही सडकी नव्हे. आणि डोळ्यावरच विसंबायचे तर हॅरी ग्रेबचे काय करणार?

ग्रेबचे नाव निघाले की कौशल्यपक्षाची पंचाईत होते. पिट्सबर्गचा हा मिडलवेट तेरा वर्षांत तीनशेच्या आसपास लढती खेळला. १९२२ च्या मे महिन्यात त्याने आपल्याहून वजनदार जीन टनीला न्यूयॉर्कमध्ये पंधरा फेऱ्यांत हरवले. टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला, जॅक डेम्प्सीला त्याने दोनदा नमवले आणि ग्रेबची ती लढत त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतली एकमेव हार राहिली. ग्रेबची एका डोळ्याची दृष्टी तोवर गेली होती किंवा जात होती. १९२६ मध्ये बत्तीसाव्या वर्षी तो वारला. सरावाची थोडी दृश्ये सोडली तर त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही. त्याची चाल, त्याचा वेग, त्याचे डाव आज कोणालाही दिसत नाहीत. तरी जवळपास प्रत्येक ऐतिहासिक यादीत तो पहिल्या दहांत असतो, आणि तो निव्वळ नोंदींच्या जोरावर.

कौशल्यपक्ष : नोंदींच्या आणि बघणाऱ्यांच्या साक्षीच्या जोरावर. त्या काळी अनेक राज्यांत गुणांवर निकालच देत नसत, दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र कोण जिंकला ते सांगे. ग्रेबच्या नोंदीत असे निकाल ढिगाने आहेत. म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यावर तुम्हीही विसंबताच.

या दोन बाजू ज्या एका नावावर एकत्र येतात ते नाव रॉबिन्सनचे. ‘द रिंग’ने २००२ मध्ये मागील ऐंशी वर्षांतल्या ऐंशी मुष्टियोद्ध्यांची यादी केली, तिच्यात तो पहिला होता आणि त्याच्या मागे हेन्री आर्मस्ट्राँग, मुहम्मद अली, जो लुई आणि रोबेर्तो दुरान होते. असोसिएटेड प्रेसने १९९९ मध्ये शतकातला सर्वोत्तम म्हणूनही त्यालाच निवडले. निकालपक्षाला त्याची नोंदवही पुरते. पहिल्या चाळीस लढती जिंकल्यानंतर फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाने त्याला हरवले, आणि त्यानंतर जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून हार होईपर्यंत आठ वर्षे तो एकही लढत हरला नाही. १९४६ पासून वेल्टरवेटचा विजेता, पुढे पाच वेळा मिडलवेटचा विजेता. कौशल्यपक्षाला त्याच्या फिल्म पुरतात. दोन्ही हातांत लढत संपवण्याची ताकद, मागे सरकत असतानाही जोरात ठोसा मारण्याची कला आणि जॅबपासून हुकपर्यंत सगळे फटके एका ओघात. मे १९५७ मध्ये जीन फुलमरला त्याने पाचव्या फेरीत ज्या डाव्या हुकने आडवे केले, तो आजही प्रशिक्षक शिकाऊ मुलांना दाखवतात.

पण ‘वजन बाजूला ठेवा’ या कल्पनेची हद्द कुठे आहे, हेही रॉबिन्सनच्याच एका लढतीत दिसते. २५ जून १९५२ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये तो लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिमसमोर उतरला. रॉबिन्सनचे वजन १५७ पाउंडांच्या वर थोडेसे, मॅक्सिमचे १७३. रिंगणाजवळचे तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे चाळीस सेल्सियस. रॉबिन्सन एकामागून एक फेऱ्या जिंकत गेला. दहाव्या फेरीनंतर लढत चालवणारे पंच रुबी गोल्डस्टीन यांनाच उकाडा सोसवेना आणि त्यांच्या जागी दुसरे पंच आणावे लागले. मॅक्सिम फार काही करत नव्हता. तो भिडून अंगावर रेलायचा आणि आपले वजन समोरच्याला वाहायला लावायचा. तेराव्या फेरीत रॉबिन्सनने एक ठोसा हवेत फेकला आणि त्याच झोकात तो तोंडावर पडला. चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला स्टुलावरून उठता आले नाही. तिन्ही गुणपत्रिकांवर तो पुढे होता.

निकालपक्ष : म्हणजे हरलाच. नोंदवहीत तसेच लिहिले आहे.

कौशल्यपक्ष : ही हार धरूनच तुमची बाजूही त्याला पहिला मानते. सोळा पाउंड जास्त असलेल्या जगज्जेत्यापुढे तेरा फेऱ्या वरचढ राहणे, याला तुमच्या वहीत रकाना नाही.

यावर निकालपक्षाकडे उत्तर आहे, आणि ते वजन चढण्याच्या इतिहासातून येते. गट ओलांडून मिळवलेले विजय हाच त्याच्या मते खरा पुरावा. आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट, मे १९३८ मध्ये वेल्टरवेट आणि ऑगस्ट १९३८ मध्ये लाइटवेट अशी तीन विजेतेपदे मिळवली आणि काही काळ ती तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे होती. मुख्य गट आठ होते आणि प्रत्येकात साधारणपणे एकच विजेता मानला जाई, हे लक्षात घेतले की त्या कामगिरीचे माप कळते.

आज सतरा गट आहेत आणि प्रत्येकात चार मोठ्या संघटनांचे चार पट्टे. ‘अमुक गटांत विजेता’ या बिरुदाची किंमत त्यामुळे घसरली आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये शुगर रे लेनर्डने डॉनी लालोंडला हरवून एका रात्रीत दोन गटांची विजेतेपदे घेतली. एक नव्याने काढलेल्या सुपर मिडलवेटचे, दुसरे १७५ पाउंडांच्या लाइट हेवीवेटचे. लढत मात्र १६८ पाउंडांवर ठरवली होती, म्हणजे लाइट हेवीवेटचा विजेता त्या वजनाला न जाताच तयार झाला. मॅनी पॅकियावच्या नावावर आठ वजनगट सांगितले जातात. त्यांतली फेदरवेट आणि ज्युनियर वेल्टरवेटची विजेतेपदे चार मोठ्या संघटनांपैकी कोणाचीही नव्हती, आणि शेवटचे लाइट मिडलवेट विजेतेपद १५४ ऐवजी १५० पाउंडांच्या करारावर लढले गेले. एवढी कात्री लावूनही त्या रात्रीचे दृश्य पुसले जात नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सासला अंतोनियो मार्गारीतो रिंगणात उतरला तेव्हा १६५ पाउंडांचा होता आणि पॅकियाव १४८ चा. पॅकियावने बाराही फेऱ्या त्याचा चेहरा फोडला. १०६ पाउंडांवर कारकीर्द सुरू केलेल्या माणसाने हे केले.

हा १६५ चा आकडा आणखी एक गोष्ट उघड करतो. वजनाला उभे राहणे आदल्या दिवशी होते. मुष्टियोद्धे शरीरातले पाणी काढून गटाच्या मर्यादेत येतात आणि लढतीपर्यंत ते पुन्हा भरून घेतात. एका गटात लढणारे दोघे प्रत्यक्षात एका वजनाचे असतीलच असे नाही. गटांमधली भिंत ज्या तराजूवर उभी आहे, तो आदल्या दिवशीचा तराजू आहे.

कौशल्यपक्ष : चढण्यालाच पुरावा मानले तर चढणाऱ्याला शिक्षाही तुम्हीच करता. जो आपल्या गटात गुपचूप बसतो त्याची वही स्वच्छ राहते.

याची उदाहरणे अलीकडची आहेत. रॉय जोन्स मार्च २००३ मध्ये १९३ पाउंडांवर जाऊन २२६ पाउंडांच्या जॉन रुइझकडून हेवीवेटचा पट्टा घेऊन आला. मिडलवेटचा माजी विजेता हेवीवेटचा विजेता होणे हे १८९७ मधल्या बॉब फिट्झसिमन्सनंतर प्रथमच घडत होते. पण तो परत १७५ वर उतरला आणि मे २००४ मध्ये अंतोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवले. वय हे कारण होतेच, पण चढवलेला स्नायू पुन्हा उतरवण्याची किंमत त्यात नव्हती असे म्हणणे कठीण. निकाराग्वाचा रोमान ‘चोकोलातितो’ गोन्झालेझ फ्लायवेटचा विजेता असताना २०१५ मध्ये ‘द रिंग’च्या यादीत पहिला आला. ११५ पाउंडांच्या गटात गेल्यावर २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसाकेतकडून दोनदा हरला. साउल ‘कानेलो’ अल्वारेझ यादीत पहिला असताना मे २०२२ मध्ये १७५ पाउंडांवर दिमित्री बिवोलसमोर गेला आणि तिन्ही गुणपत्रिकांवर ११५–११३ असा हरला.

निकालपक्ष : हरल्यावर त्यांना खाली आणू नये असे म्हणता?

कौशल्यपक्ष : आणा, पण प्रमाणात. आपल्या गटात हरणे आणि वरच्या गटात हरणे एका मापाने मोजू नका.

निकालपक्ष : मग विली पेपचा हिशेब द्या. तो तर आपल्याच गटात हरला.

पेप आणि सँडी सॅडलर यांचा हिशेब निकालपक्षाचे सर्वांत टोकदार शस्त्र आहे. दोघेही फेदरवेट. १९४८ ते १९५१ या काळात चार लढती झाल्या, त्यांतल्या तीन सॅडलरने मुदतीआधी संपवल्या. तरी बहुतेक ऐतिहासिक याद्यांत पेप सॅडलरच्या वर असतो. कौशल्यपक्ष म्हणतो की पेपने दोनशेहून अधिक लढती जिंकल्या, जानेवारी १९४७ च्या विमान अपघातात त्याची पाठ आणि पाय जायबंदी झाले होते, आणि फेब्रुवारी १९४९ ची जी एक लढत त्याने जिंकली ती बचावाचा आदर्श मानली जाते. हे सगळे खरे आहे. पण तीन-एक हा आकडाही तितकाच खरा, आणि येथे कौशल्यपक्षाचे समर्थन थोडे ओढूनताणून वाटते. उंच, लांब हातांचा, भिडून लढणारा सॅडलर पेपच्या शैलीला जड जाणाराच होता, एवढे मानले तरी समोरासमोरच्या निकालांना इतके कमी वजन देणे पटत नाही.

यादीचा सर्वांत मोठा दोष मात्र दोन्ही पक्षांत समान आहे. ‘वजन बाजूला ठेवा’ म्हणणाऱ्या यादीत सर्वांत हलकी माणसे सर्वांत कमी दिसतात. मेक्सिकोचा रिकार्दो ‘फिनीतो’ लोपेझ मिनिममवेटचा विजेता होता. ५१ विजय, एक बरोबरी, एकही हार नाही. त्याचा सरळ पवित्रा आणि ठोशांची साखळी प्रशिक्षणाच्या पुस्तकात शोभावी अशी. पण त्याच्या गटात पैसा नव्हता, मोठे प्रतिस्पर्धी नव्हते आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे क्वचितच असत. निकालपक्षाला त्याच्या विजयांत नामांकित नावे सापडत नाहीत, कौशल्यपक्षातल्या अनेकांनी त्याला पाहिलेलेच नसते. १९९० मध्ये टोकियोत ज्याला हरवून त्याने पहिले जागतिक विजेतेपद घेतले, त्या हिदेयुकी ओहाशीच्या जिममधूनच पुढे नाओया इनोउए घडला, आणि इनोउएने जून २०२२ मध्ये ‘द रिंग’चा पहिला क्रमांक घेतला. तो जपानचा पहिलाच. हलक्या गटांकडे लक्ष वळायला कित्येक वर्षे लागली.

महिलांच्या बाबतीत तर गटांचीच वानवा होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले तेव्हा ५१, ६० आणि ७५ किलो असे तीनच गट ठेवले. मेरी कोम तोवर ४५, ४६ आणि ४८ किलोंवर पाच वेळा जगज्जेती झाली होती. तिला ५१ किलोंवर जावे लागले, उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ती हरली आणि कांस्यपदक घेऊन आली. तिने २०१८ मध्ये सहावे जागतिक विजेतेपद मिळवले ते पुन्हा ४८ किलोंवर. गट तिच्या मापाचा असता तर काय झाले असते, या प्रश्नावर निकालपक्षही गप्प राहतो.

हेवीवेटची अडचण उलटी आहे. त्याला वर चढायला गटच नाही. म्हणून वर्षानुवर्षे यादीत हेवीवेट कमी दिसत आणि दिसले तरी मधल्या क्रमांकांवर. ओलेक्सांद्र उसिकने हा पेच सोडवला, कारण तो खालून आला. २०१८ मध्ये क्रूझरवेटचे चारही पट्टे घेतल्यावर तो हेवीवेटमध्ये गेला. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीचे वजन २८१ पाउंड भरले, उसिकचे २२६. तिन्ही गुणपंचांनी ११६–११२ असे गुण उसिकच्या बाजूने दिले. हेवीवेटच्या मर्यादाहीन गटात एवढा फरक कायदेशीर असतो, त्यामुळे येथे कल्पना करावी लागत नाही. पंचावन्न पाउंड समोर उभे होते.

दुसरीकडे टेरेन्स क्रॉफर्डने १४० आणि १४७ पाउंडांवर सगळे पट्टे एकत्र केल्यानंतर १३ सप्टेंबर २०२५ ला लास वेगासमध्ये १६८ पाउंडांवर कानेलोला गुणांवर हरवले. १५४ च्या गटात तो जेमतेम एक लढत खेळला होता, १६० चा गट त्याने ओलांडूनच टाकला.

निकालपक्ष : उसिक, क्रॉफर्ड, इनोउए हा आमचा क्रम. उसिकने दोन गटांतले सर्व मोठे विजेते हरवले, फ्युरी आणि अँथनी जोशुआ दोघांनाही दोनदा.

कौशल्यपक्ष : आमचा क्रॉफर्ड पहिला. दोन्ही पवित्र्यांतून सारख्याच सफाईने लढणारा दुसरा कोणी दाखवा. उसिक दुसरा, इनोउए तिसरा. पण कानेलो त्या रात्री पस्तिशीला टेकला होता हे आम्ही विसरत नाही.

निकालपक्ष : आणि क्रॉफर्ड सदतीस वर्षांचा होता. तो हिशेबही धरा.